वाढीचा निरोप

रोगाची कल्पना बदलली म्हणजे वैद्याचा हात बदलतो. देवीचा फोड हा देवतेचा कोप समजला जात होता तोंपर्यंत नवस हेंच त्यावरचें औषध होतें. ती लस टोंचून टाळतां येणारी व्याधि आहे हें कळतांच नवसाची जागा लशीनें घेतली. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास या दृष्टीनें विशेष विचार करण्यासारखा आहे. या रोगाविषयीं गेल्या दोन हजार वर्षांत माणसानें तीन निरनिराळ्या समजुती बाळगल्या. प्रथम त्याला वाटलें, हा शरीरांतील दूषित रसाचा परिणाम आहे. मग वाटलें, हें शरीरांत रुजलेलें विषारी झाड असून तें मुळासकट उपटलें पाहिजे. आणि आतां त्याला कळूं लागलें आहे कीं, पेशी ज्या निरोपांवर वाढतात व थांबतात त्या निरोपांतच हा बिघाड आहे. या तिसऱ्या समजुतीपर्यंत शास्त्र कसें पोंचलें, आणि वाटेंत चुकीच्या समजुतींची किंमत कोणी दिली, हें सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

ख्रिस्तपूर्व १६०० च्या सुमाराच्या एका मिसरी वैद्यकीय लेखाचें इंग्रजी भाषांतर जेम्स ब्रेस्टेड या पंडितानें १९३० सालीं प्रसिद्ध केलें. त्यांत छातीवरच्या गांठींचें वर्णन आहे. पण इतर अनेक व्याधींपुढें उपाय लिहिणारा तो प्राचीन वैद्य येथें मात्र उपाय नाहीं एवढें नमूद करून थांबतो. ग्रीक वैद्यांना गांठीभोंवतीं पसरलेल्या फुगीर शिरा पाहून खेंकड्याच्या पायांची आठवण झाली, व त्यावरून रोगाला कर्काचें नांव मिळालें. पुढें दुसऱ्या शतकांत रोममध्यें गेलन यानें या रोगाचें मूळ काळ्या पित्तांत आहे असें प्रतिपादन केलें. आपल्या सुश्रुतसंहितेंतहि अर्बुद दोषांच्या प्रकोपानेंच उत्पन्न होतें असें मानलें आहे. पित्त जर साऱ्या देहांत भरलेलें, तर एका जागची गांठ कापून उपयोग काय, असा विचार या समजुतींतून सहजच निघाला. शिवाय काळें पित्त हें खिन्न स्वभावाचेंहि कारण मानलें जात असल्यामुळें, रोगी स्त्रीच्या स्वभावावरच रोगाचा ठपका ठेवण्यास शास्त्राचा आधार मिळाला. ही समजूत सुमारें दीड हजार वर्षें टिकली.

तिला धक्का दिला तो सूक्ष्मदर्शकानें. बर्लिनचे रुडोल्फ फिर्शो यांनीं १८५८ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या व्याख्यानांत असें मांडलें कीं, प्रत्येक पेशी ही दुसऱ्या पेशीपासूनच उत्पन्न होते, आणि रोग म्हणजे पेशींच्याच जीवनांतील विकृति होय. म्हणजे गांठ ही पित्ताचा गाळ नसून वाढत जाणाऱ्या पेशींचा समूह ठरली. त्याच सुमारास रोग्याला बेशुद्ध करण्याची विद्या व जंतुनाशक उपचार हीं दोन्हीं साधनें शस्त्रवैद्यांच्या हातीं आलीं, आणि त्यांच्या धैर्याला सीमा उरली नाहीं. अमेरिकेंतील बाल्टिमोर शहरीं जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयांत विल्यम हॉलस्टेड हे स्तनाबरोबर छातीचे स्नायु व काखेंतील ग्रंथि एकत्रच काढीत. त्यांनीं १८९४ सालीं प्रसिद्ध केलेला या शस्त्रक्रियेचा वृत्तांत जगभर गाजला. तिला त्यांनीं जें इंग्रजी विशेषण लाविलें त्याचा मूळ अर्थच ‘मुळासंबंधींचें’ असा आहे. रोग गांठीपासून क्रमाक्रमानें बाहेर पसरतो, तेव्हां जितकें रुंद कापावें तितका तो मुळापासून निघेल, हा त्यांतील सिद्धान्त.

हॉलस्टेड यांच्यावर अन्याय करूं नये. त्यांच्या पूर्वीं शस्त्रक्रिया झालेल्या जागींच रोग पुन्हां उठे, तें प्रमाण त्यांच्या पद्धतीनें पुष्कळच उतरलें. परंतु दूर हाडांत, फुप्फुसांत वा यकृतांत पोंचलेल्या पेशींपर्यंत कोणतीहि सुरी जाऊं शकत नव्हती. तरीहि रोग परत आला कीं निष्कर्ष निघे तो एवढाच, कीं कापणें कमी पडलें. सिद्धान्त चुकला असेल ही शंका फारशी कोणाला शिवली नाहीं. या निष्कर्षापायीं सुमारें ऐंशी वर्षें असंख्य स्त्रियांनीं खोल गेलेली छाती व जन्मभर सुजलेला हात सोसला. अखेर १९७१ पासून पिट्सबर्गचे शस्त्रवैद्य बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखालीं रुग्णांचे गट पाडून निरनिराळ्या शस्त्रक्रियांची तुलना करण्यांत आली. १९७७ व १९८५ सालीं प्रसिद्ध झालेल्या अहवालांनीं दाखविलें कीं, अधिक कापल्यानें आयुष्य अधिक वाढत नाहीं. तोंपर्यंत रोगाची तिसरी कल्पना तयार होत आली होती. तिचा आरंभ मात्र हॉलस्टेड यांच्याच काळांत, आणि तोहि एका गोठ्यांतून झाला होता.

ग्लासगो येथील डॉक्टर जॉर्ज बीटसन यांनीं तरुणपणीं दूध कसें उत्पन्न होतें या विषयावर प्रबंध लिहिला होता. त्यावेळीं त्यांच्या कानावर आलें कीं, ऑस्ट्रेलियांतील कांहीं शेतकरी गाय व्याल्यावर तिचे अंडाशय काढून टाकतात, त्यामुळें ती पुष्कळ काळ दूध देत राहते. पोटांतल्या एका इंद्रियाची सत्ता दूरच्या दुसऱ्या इंद्रियावर चालते, आणि मध्यें कोणतीहि नस दिसत नाहीं, ही गोष्ट त्यांना विलक्षण वाटली. दूध भरण्याच्या काळीं स्तनांतील पेशी झपाट्यानें वाढतात; कर्करोगांतहि त्या वाढतात; भेद एवढाच कीं पहिली वाढ वेळेवर थांबते व दुसरी थांबत नाहीं. मग वाढीचा लगाम अंडाशयांत नसेल कशावरून? १८९५ च्या जूनमध्यें, जिला शस्त्रवैद्यांनीं असाध्य म्हणून सोडलें होतें अशा ३३ वर्षांच्या एका स्त्रीचे अंडाशय त्यांनीं काढले. स्तनावरील गांठीला सुरी लाविली नाहीं. कांहीं महिन्यांत ती गांठ विरून गेली. हा वृत्तांत १८९६ सालीं ‘लॅन्सेट’ पत्रांत आला. ती स्त्री शस्त्रक्रियेनंतर सुमारें चार वर्षें जगली. पुढें रोग परतला व तिचा अंत झाला.

इतरांनीं हा उपाय करून पाहिला. १९०० सालीं लंडनचे स्टॅन्ले बॉइड यांनीं अशा ५४ स्त्रियांची माहिती गोळा केली, तेव्हां सुमारें एकतृतीयांश स्त्रियांना गुण आलेला दिसला. बाकीच्या दोनतृतीयांश स्त्रियांना कां आला नाहीं, याचें उत्तर कोणाजवळहि नव्हतें. कोणाला गुण येईल हें आधीं सांगतां येत नसल्यामुळें तिघींवर शस्त्र धरावें तेव्हां एकीला लाभ, असा हा व्यवहार होता. हें कोडें सुटण्यास साठांहून अधिक वर्षें लागलीं.

अंडाशयांतून निघणारा दूत कोण, हें क्रमानें उघड झालें. रक्तावाटे निरोप नेणाऱ्या द्रव्यांना इंग्रज शास्त्रज्ञ अर्नेस्ट स्टार्लिंग यांनीं १९०५ सालीं ‘हॉर्मोन’ हें नांव दिलें. मराठींत आपण त्यांना संप्रेरकें म्हणतों. अंडाशयाचें इस्ट्रोजेन हें संप्रेरक १९२९ सालीं अमेरिकेंत डॉइझी व जर्मनींत बूटेनांट यांनीं शुद्ध स्वरूपांत वेगळें केलें. परंतु तें पेशींत जाऊन करतें काय? शिकागो विद्यापीठाचे एल्वूड जेन्सन यांनीं १९५०–६० या दशकाच्या अखेरीस इस्ट्रोजेनला किरणोत्सर्गी हायड्रोजनाची खूण लावून तें उंदरांच्या शरीरांत सोडलें, व तें कोठें जातें याचा माग घेतला. तेव्हां प्रचलित मत असें होतें कीं, हें संप्रेरक विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, क्रियेंत भाग घेऊन स्वतः बदलत असावें. जेन्सन यांना आढळलें तें निराळेंच. गर्भाशयासारख्या ठराविक अवयवांत संप्रेरक अडकून राही, आणि तेंहि मुळींच न बदलतां. तेथील पेशींत त्याला धरून ठेवणारें एक प्रथिन होतें. त्याला ग्राही प्रथिन म्हणतात. निरोप घेणारा जेथें आहे तेथेंच निरोप पोंचतो. ज्या गांठीच्या पेशींत ग्राही प्रथिन नाहीं तिला अंडाशय काढल्याचें सुखदुःख नाहीं. बीटसन यांच्या उपायानें एकीलाच गुण कां येई व दोघींना कां येत नसे, तें आतां उलगडलें.

संप्रेरकें व स्तनाचा कर्करोग यांच्या संबंधाचा हा शोध शिकागोप्रमाणेंच मुंबईंतहि चालला होता. परळ येथें १९४१ सालीं टाटा स्मारक रुग्णालय सुरू झालें, व तेथील विकृतिशास्त्राचा भार डॉ. वसंत रामजी खानोलकर यांजकडे आला. पुण्यांत जन्मलेल्या व फर्ग्युसन महाविद्यालयांत शिकलेल्या कमल रणदिवे यांनीं त्यांच्याच मार्गदर्शनाखालीं १९४९ सालीं मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढें खानोलकरांनीं उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रांत पेशी शरीराबाहेर वाढविण्याची प्रयोगशाळा त्यांनीं घातली, व उंदरांच्या निरनिराळ्या वाणांत स्तनाचा कर्करोग कसा उद्भवतो याचा दीर्घ अभ्यास केला. आईच्या दुधावाटे पिलांस पोंचणारें एक कारण अमेरिकेच्या जॉन बिटनर यांनीं १९३६ सालींच उंदरांत दाखविलें होतें, आणि तो विषाणु असल्याचें पुढें ठरलें. तो विषाणु, वंशपरंपरा व संप्रेरकें हीं कारणें एकमेकांत कशीं गुंतलेलीं असतात, हा रणदिवे यांच्या अभ्यासाचा विषय होता. माणसांत तसा विषाणु सिद्ध झाला नाहीं. परंतु कर्करोगाला एकच कारण शोधूं नये हा त्या अभ्यासाचा धडा पुढें खराच ठरला.

ग्राही प्रथिन सांपडल्यावर त्याची वाट अडविणारें औषध योगायोगानें मिळालें. इंग्लंडांतील एका रसायन कंपनीनें १९६२ सालीं संततिनियमनासाठीं एक द्रव्य बनविलें होतें. उंदरांत तें यशस्वी झालें, स्त्रियांत मात्र साफ फसलें. तेंच द्रव्य इस्ट्रोजेनची जागा अडवून बसतें असें लक्षांत आल्यावर मँचेस्टर येथें स्तनाच्या कर्करोगावर त्याची परीक्षा झाली. त्या परीक्षेचा वृत्तांत १९७१ सालीं प्रसिद्ध झाला. तेंच टॅमॉक्सिफेन. ज्या गोष्टीसाठीं बीटसन यांना पोट उघडावें लागलें ती आतां एका गोळीनें साधूं लागली.

तरीहि अर्धी कथा राहिलीच. ज्या गांठींना इस्ट्रोजेनची गरज नाहीं त्या कोणाच्या आज्ञेनें वाढतात? याचें उत्तर स्त्रीरोगांच्या अभ्यासांतून आलें नाहीं; तें आलें एका कोंबडीपासून. १९०९ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेंत पेटन राउस यांजकडे छातीवर गांठ असलेली एक कोंबडी आणण्यांत आली. तिच्या गांठीचा रस इतका बारीक गाळून कीं त्यांत एकहि पेशी राहूं नये, तो त्यांनीं दुसऱ्या कोंबड्यांना टोंचला, आणि त्यांनाहि तसाच रोग झाला. १९११ सालीं प्रसिद्ध झालेल्या या शोधाकडे बहुतेकांनीं कोंबडीची नवलाई म्हणून पाहिलें. राउस यांना नोबेल पारितोषिक मिळालें तें १९६६ सालीं. त्या विषाणूंत ‘सार्क’ नांवाचें एकच जनुक रोगाला पुरेसें होतें. १९७६ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील बिशप व व्हार्मस यांनीं सहकाऱ्यांसह दाखविलें कीं, तें जनुक मूळचें विषाणूचें नव्हेच. निरोगी कोंबडीच्याच पेशींतून विषाणूनें तें केव्हांतरी उचललें होतें. कर्करोगाचें बीज बाहेरून आलेलें नसून तें प्रत्येक निरोगी पेशीच्या नित्य कारभाराचा भाग आहे, हा या शोधाचा अर्थ, आणि आधुनिक कल्पनेचा पाया तोच होय.

तो कारभार कोणता? येथें थोडें थांबून विकरांचें काम समजून घेतलें पाहिजे. जुन्या दप्तरांतील कागद ज्यांनीं पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे कीं, मजकूर कितीहि महत्त्वाचा असला तरी शिक्का व मोर्तब होईपर्यंत तो कागद म्हणजे हुकूम नव्हे. पेशींतहि असाच शिक्का चालतो. तो फॉस्फेटचा असतो. विशिष्ट विकरें प्रथिनांवर फॉस्फेटचा कण चिकटवितात, व त्या क्षणीं निद्रिस्त प्रथिन जागें होतें. दुसरीं विकरें तो कण काढून घेतात, व तें पुन्हां निजतें. शिक्का मारणाऱ्या विकरांना ‘कायनेज’ म्हणतात. स्नायूंतील साखरेच्या व्यवहारांत हा प्रकार सिएटल येथील क्रेब्ज व फिशर यांनीं १९५५ च्या सुमारास दाखविला होता. गंमत अशी कीं, ज्याच्यावर शिक्का पडला तें प्रथिन पुष्कळदां स्वतःच दुसऱ्यावर शिक्का मारणारें असतें. अशा रीतीनें पेशीच्या वेशीवर आलेला निरोप हातोहात आंत जातो आणि ‘वाढा’ अशी आज्ञा गुणसूत्रांपर्यंत पोंचते.

सार्क जनुक ज्याची कृति ठरवितें तें प्रथिन असेंच एक कायनेज आहे, हें १९७८ सालीं कळलें. तें शिक्का कोठें मारतें, हें कळण्यास एक शिळें द्रावण कारण झालें. कॅलिफोर्नियांतील सॉल्क संस्थेंत टोनी हंटर हे १९७९ सालीं ट्यूमर उत्पन्न करणाऱ्या विषाणूंच्या प्रथिनांचे घटक वेगळे करीत होते. नवें द्रावण बनविण्याचा कंटाळा करून त्यांनीं जुनेंच वापरलें. त्याची आम्लता किंचित् वाढलेली असल्यामुळें एरवीं एकांत एक मिसळून जाणारे दोन ठिपके वेगळे पडले, आणि तोंवर कोणीहि न पाहिलेला शिक्का दिसला. टायरोसीन या अमिनो आम्लावर तो पडला होता. निरोगी पेशींत असे शिक्के हजारांत एकहि नसतात. सार्कनें बिघडलेल्या पेशींत ते कित्येक पटींनीं वाढलेले आढळले. दुर्मिळ व मोजका शिक्का वाटेल तसा उमटूं लागणें, हें अनावर वाढीचें लक्षण ठरलें.

दुसऱ्या बाजूनें स्टॅन्ले कोहेन याच ठिकाणीं येत होते. उंदराच्या लाळग्रंथीचा अर्क टोंचला असतां नवजात पिलांचे डोळे नेहमींपेक्षां पुष्कळ दिवस आधीं उघडतात, हें पाहून त्यांनीं १९६२ सालीं त्यांतील वाढीचें द्रव्य शुद्ध केलें. त्या द्रव्याचा निरोप घेणारें ग्राही प्रथिन पेशीच्या आवरणांत असतें, आणि तेंच टायरोसीनवर शिक्का मारणारें विकरहि असतें, हें १९८० सालीं सिद्ध झालें. बाहेरचें टोक निरोप ऐकतें, आंतलें टोक शिक्का मारतें. द्वारपाल व कारकून एकच.

याच कुळांतील एका प्रथिनानें स्तनाच्या कर्करोगाचें दुसरें कोडें सोडविलें. १९८२ सालीं अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स येथें रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेंत मुंबईहून गेलेले तरुण संशोधक लक्ष्मीचरण पाढी यांनीं उंदराच्या मज्जातंतूंच्या गांठींतून एका कर्कजनक जनुकाचा माग काढला. त्याला ‘न्यू’ असें नांव पडलें. त्याचें मानवी रूप १९८५ सालीं ॲक्सेल उलरिश यांच्या गटानें ओळखलें, तें ‘हर-टू’. लॉस अँजेलिसचे डेनिस स्लेमन यांनीं निरनिराळ्या कर्करोगांच्या गांठींचे तुकडे जपून ठेविले होते. उलरिश यांचें जनुक व स्लेमन यांचे तुकडे एकत्र आले, आणि १९८७ सालीं १८९ गांठींच्या परीक्षेचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांतील सुमारें ३० टक्के गांठींत हर-टू जनुकाच्या प्रती नेहमींच्या दोनांऐवजीं कितीतरी अधिक होत्या. जेथें प्रती अधिक तेथें रोग लवकर परते व आयुष्य कमी असे. पुढच्या मोजणींत हें प्रमाण १५ ते २० टक्क्यांवर स्थिरावलें. परंतु मूळ निष्कर्ष टिकला.

हर-टूचा स्वभाव विलक्षण आहे. त्याला स्वतःचा असा कोणताहि दूत लागत नाहीं. हीं प्रथिनें आपसांत किंवा आपल्या कुळांतील इतरांशीं जोडी जमवून परस्परांवर शिक्के उमटवितात. वेशीवर तीं थोडीं असतात तोंवर कारभार सुरळीत चालतो. त्यांची गर्दी झाली कीं निरोप आला नसतांहि आज्ञा सुटूं लागतात. हें प्रथिन पेशीच्या बाहेरच्या अंगास असल्यामुळें रक्तांतून दिलेल्या प्रतिपिंडाला तें सांपडूं शकतें. उंदराच्या पेशींत तयार झालेलें असें एक प्रतिपिंड मानवी रक्ताला परकें वाटूं नये म्हणून त्याचा बहुतेक भाग मानवी घडणीचा करण्यांत आला. त्यांतून ट्रॅस्ट्युझुमॅब हें औषध बनलें, व सप्टेंबर १९९८ मध्यें त्याला अमेरिकेंत मान्यता मिळाली. २००५ सालीं जाहीर झालेल्या चाचण्यांत दिसलें कीं, आरंभींच्या अवस्थेंत शस्त्रक्रियेनंतर हें औषध इतर औषधांबरोबर दिल्यास रोग परतण्याचें प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येतें. जें लक्षण १९८७ सालीं अशुभ ठरलें होतें तेंच आतां उपायाची दिशा दाखवूं लागलें.

परंतु हा विजय निर्भेळ नव्हता, आणि त्याचें कारण या तिसऱ्या कल्पनेंतच आहे. जो निरोप गांठीला वाढवितो तोच शरीराच्या इतर कामांनाहि लागतो. हृदयाच्या स्नायूंना हर-टूची गरज असल्यामुळें या औषधानें कांहीं रुग्णांचें हृदय दुर्बळ होतें. वेशीच्या आंत त्या निरोपाला पुढें नेणारें पीआय-थ्री-कायनेज हें विकर आहे. अनेक स्तनकर्करोगांत त्याच्या जनुकांत बिघाड असतो हें २००४ नंतर दिसून आलें, व त्यावरचें ॲल्पेलिसिब हें औषध २०१९ सालीं आलें. परंतु इन्शुलिनचा निरोपहि त्याच विकरावाटे जात असल्यामुळें हें औषध घेणाऱ्यांच्या रक्तांतील साखर चढते. निरोपांच्या शेवटीं पेशीला दुभंगण्याची मोकळीक देणारीं कायनेजें आहेत. त्यांचें मर्म किण्व व समुद्रांतील साळिंदरासारखे प्राणी यांच्या अभ्यासांतून कळलें, व त्यांना रोंखणारें पहिलें औषध, पॅल्बोसायक्लिब, २०१५ सालीं मान्य झालें. एक वाट अडविली कीं कालांतरानें पेशी दुसरी शोधते. आणि ज्या गांठींत इस्ट्रोजेनचें ग्राही प्रथिन नाहीं, प्रोजेस्टेरोनचें नाहीं, व हर-टूची गर्दीहि नाहीं, अशा गांठींच्या स्त्रिया या साऱ्या कथेंतील पुष्कळशा लाभांपासून वंचितच आहेत.

या इतिहासाकडे पाहतां दोन गोष्टी मनांत राहतात. पहिली ही कीं, येथील मोठे शोध थेट रोगाच्या पाठीं लागून लागलेले नाहींत. दुभती गाय, गांठ आलेली कोंबडी, लवकर डोळे उघडणारीं पिलें, शिळें द्रावण, फसलेलें संततिनियमन, यांच्यापासून ते निघाले. कोणती चौकशी निरुपयोगी हें आधीं ठरविणाऱ्यानें यांतील प्रत्येक वाट बंद केली असती. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. स्त्रियांच्या कर्करोगांत स्तनाच्या कर्करोगाचा क्रम आज आपल्या देशांत पहिला आहे, आणि अनेक स्त्रिया गांठ लाजेनें महिनोन् महिने झांकून ठेवून मग रुग्णालयाची पायरी चढतात. त्या लाजेच्या तळाशीं काळ्या पित्ताचीच समजूत, निराळ्या नांवानें, अजून जिवंत आहे. हें आपल्याच कांहीं दोषाचें फळ असावें, असें तीस वाटतें. शास्त्राचा निर्वाळा याउलट आहे. पेशीच्या कारभारांत एका विकराचा शिक्का चुकीच्या वेळीं पडूं लागला, एवढाच त्याचा प्रारंभ. त्यांत तिच्या स्वभावाचा वा शीलाचा संबंध नाहीं.

गांठीच्या तुकड्याची परीक्षा होऊन तिच्यांत कोणता निरोप चालला आहे हें कळल्यावांचून योग्य औषध ठरत नाहीं, आणि औषध ठरलें तरी तें परवडावें लागतें. ट्रॅस्ट्युझुमॅबच्या तोडीचें भारतीय औषध २०१३ सालीं आपल्या देशांत मान्य झालें, तेव्हां किंमत कांहीं अंशीं उतरली. तरीहि कष्टकरी कुटुंबाला ती जड आहे. बीटसन यांच्या काळीं तिघींतल्या कोणा एकीला गुण येईल हें कोणालाच सांगतां येत नव्हतें. आज तें पुष्कळ अंशीं सांगतां येतें. आतां न कळण्याची सबब उरलेली नाहीं. जें कळलें तें परळच्या रुग्णालयापासून दूरच्या तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या स्त्रीपर्यंत वेळेवर पोंचतें कीं नाहीं, यावर या इतिहासाचें पुढचें पान अवलंबून आहे.